दक्षिणेची पावती

दक्षिणेची पावती देणारे गुरुजी मी आयुष्यात एकच पाहिले. पूजा झाली, आरती झाली, तबकातली दक्षिणा कपाळाला लावून झाली, की ते आपली ऑफिसची बॅग पुढे ओढत आणि तिच्यातून पावतीपुस्तक काढत. इथल्या न्यूजएजन्सीत, म्हणजे पेपर-स्टेशनरीच्या दुकानात, मिळतं तसलं, कार्बन घालून दोन प्रती निघणारं. त्यावर तारीख, यजमानांचं नाव आणि खाली स्वच्छ इंग्रजीत: रोख सव्वापाच डॉलर, नारळ एक, केळी पाच, खण एक. मग सही. वरची प्रत यजमानांना, कार्बनची स्वतःकडे. देताना प्रत्येकाला बजावत, "ही टॅक्सच्या फॉर्मला जोडू नका हं. तुम्हाला यावर सूट नाही."

ते काही धंद्याने गुरुजी नव्हते. ऑस्ट्रेलियात पोर्ट केंब्लाच्या स्टीलवर्क्समध्ये ते मेटलर्जिस्ट होते, आणि मी तिथेच कॉस्टिंगमध्ये. त्यांचे वडील कराडकडे भिक्षुकी करत. ती करावी लागू नये म्हणून हे इंजिनिअर झाले आणि त्यासाठी पार वॉलॉंगॉंगपर्यंत आले. इथे सत्तरच्या दशकात आम्ही मोजकी मराठी घरं. कुणाच्या तरी बारशाला यांनी सहज चार मंत्र म्हटले आणि संपलं. पुढच्या रविवारी सत्यनारायण, त्याच्या पुढच्या रविवारी कुणाची मुंज. आमच्या बायकांनी त्यांना गुरुजी करून टाकलं आणि त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या पाकिटावर उरलं.

कारखान्यात त्यांना बिशप म्हणत. एकदा एक भट्टी काही केल्या नीट तापेना, तेव्हा त्यांचा फोरमन म्हणाला, बिशप, तुमच्या देवाला एक शब्द टाका की. चेष्टा होती. पण गुरुजींनी ती चेष्टा म्हणून घेतली नाही. ते म्हणाले, हरकत नाही, पण संकल्प सोडावा लागेल, आणि त्यासाठी मालकाने सपत्नीक बसायला हवं. फोरमनने हे वर कळवलं नाही.

संकल्पावरून आठवलं. पूजेच्या आरंभी आपण कुठे बसलो आहोत ते सांगायचं असतं. आपल्याकडचे गुरुजी गोदावरीच्या दक्षिण तीराचं नाव घेऊन मोकळे होतात. आमच्या गुरुजींना ते पटेना. ते 'ऑस्ट्रेलियाखंडे, प्रशांतमहासागरस्य पश्चिमे तीरे, वॉलॉंगॉंगनगरे' म्हणत, पुढे रस्त्याचं नाव, घराचा नंबर आणि शेवटी पोस्टकोड. पोस्टकोड संस्कृतात. मी एकदा विचारलं, देवाला पोस्टकोड लागतो का? म्हणाले, "अरे, या नावाचा रस्ता प्रत्येक सबर्बमध्ये एक आहे. पुण्य भलत्याच्या घरी गेलं तर परत कोण आणून देणार?"

नियम म्हटला की तो पाळायचा, मग तो कोणत्याही खात्याचा असो. भारतातून येताना सुपाऱ्या आणत त्या विमानतळावर स्वतःहून उघडून दाखवत आणि कस्टमच्या माणसाला समजावून सांगत की यातली एक गणपती आहे. उन्हाळ्यात उघड्यावर विस्तव पेटवायला बंदी असते त्या दिवसांत कुणाकडे होम निघाला, तर आधी फायर ब्रिगेडला फोन. एकदा ब्रिगेडच्या माणसाने विचारलं, आग किती वेळ चालेल? गुरुजी म्हणाले, यजमानांच्या उच्चारांवर अवलंबून आहे.

तर अशा माणसाने दक्षिणा टॅक्सच्या फॉर्मवर दाखवावी, यात नवल नव्हतं. इथलं आर्थिक वर्ष जूनच्या तीस तारखेला संपतं आणि ऑगस्टअखेर फॉर्म भरायचा असतो. जुलै लागला की गुरुजी कार्बनप्रती घेऊन माझ्याकडे येत. मला आकड्यांची आवड आहे हे ते जाणून होते. मीही त्या दिवसाची वाट पाहत असे, खोटं कशाला सांगू. नारळाचा भाव भाजीवाल्याच्या पावतीवरून धरायचा. पण फोडून प्रसाद म्हणून परत वाटलेला नारळ उत्पन्नात धरायचा का? आमची यावर एक अख्खी दुपार गेली. तीस जूनला घरात उरलेले नारळ शिल्लक माल म्हणून दाखवले. पूजेतल्या सुपाऱ्या त्याच त्याच वापरल्या जातात, म्हणून त्या भांडवली वस्तू ठरल्या. त्यांच्यावर घसारा घ्यावा असं मी सुचवलं. गुरुजींनी एक सुपारी उजेडात धरून पाहिली आणि म्हणाले, झिजलेली नाही, नको.

खर्च मात्र ते जवळजवळ काहीच दाखवत नसत. पितांबर ते स्वतः धूत, दुसऱ्याच्या हातून धुतलं तर सोवळं राहत नाही म्हणून. त्यामुळे लाँड्रीची पावती नाही आणि सूटही नाही. पेट्रोल दाखवा म्हटलं तर म्हणत, येताना मी दूध घेतो, त्याचा हिशेब कसा वेगळा काढणार? अशा रीतीने त्यांनी दक्षिणेवर नफा दाखवला आणि टॅक्स भरला. खरं पाहिलं तर गुरुजींना प्रत्येक सत्यनारायण तोट्यात जात होता.

तेव्हा प्रत्येक फॉर्म टॅक्स ऑफिसातला माणूस स्वतः तपासून कर ठरवत असे. दोन वर्षं कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या वर्षी पत्र आलं: अमुक तारखेला सिडनीला या, 'दक्षिणा' या उत्पन्नाबद्दल खुलासा करा, सोबत कागद आणा.

आमच्या घराघरांत धावपळ उडाली. कागद म्हणजे आमची सगळ्यांची नावं. आमच्यातले एक भूलतज्ज्ञ डॉक्टर होते, त्यांनी मला फोन करून विचारलं, त्या पुस्तकात माझं नाव आहे का? आहे म्हटलं. मग विचारलं, मी सव्वा दिला होता की अकरा? सव्वा होता. टॅक्सची त्यांना भीती नव्हती, सरकारदरबारी सव्वा डॉलरची नोंद झाली याचं वाईट वाटत होतं.

गुरुजी शांत होते, पण त्यांनी एक जाहीर केलं. दक्षिणा म्हणजे नक्की काय हे सरकार ठरवत नाही तोवर ती घ्यायची नाही. आणि दक्षिणेशिवाय पूजा पुरी होत नाही. म्हणजे पूजाच नाही.

बाकीच्यांनी सत्यनारायण पुढे ढकलले. माझी मात्र अडचण झाली. आम्ही नुकतंच माउंट कीराच्या पायथ्याशी घर घेतलं होतं आणि त्याच्या वास्तुशांतीसाठी सांगलीहून माझी आई आली होती. तीन महिन्यांचा व्हिसा. आईने सगळा जन्म भाड्याच्या दोन खोल्यांत काढलेला. मुलाच्या स्वतःच्या घराची वास्तुशांत बघायची, एवढ्यासाठी ती पासष्टी उलटून पहिल्यांदा विमानात बसली होती, आणि पुन्हा हा प्रवास करणार नाही असं मुंबईला विमानात चढतानाच सांगून आली होती.

आल्याबरोबर तिने घर पाहिलं, छान आहे म्हणाली, आणि शांत झाल्याशिवाय इथल्या शेगडीवर मी काही शिजवणार नाही म्हणून सांगितलं. बायकोने दुकानातून विजेची छोटी शेगडी आणली आणि आईने ती गॅरेजमध्ये मांडली. गॅरेज तिच्या मते घरात मोडत नव्हतं. तिथे गाडीच्या शेजारी बसून ती रोजची आमटी करायची आणि उरलेल्या वेळात आमच्या नव्या पडद्यांच्या दुमडी घालायची. शेजारचा म्हातारा कुंपणावरून विचारायचा की तुमची आई गॅरेजमध्ये का राहते. मी सांगायचो, टॅक्स ऑफिसच्या निकालाची वाट बघते आहे. तो म्हणायचा, आपण सगळेच, मेट.

मी गुरुजींना वाटा सुचवून पाहिल्या. दक्षिणा तुमच्या भावाला कराडला पाठवतो म्हटलं. ते माझ्याकडे असे बघायला लागले की जणू मी बँक फोडायची गोष्ट काढली. परदेशात उत्पन्न लपवायचं सुचवतोस, म्हणाले, आणि तेही वास्तुशांतीच्या निमित्ताने.

ठरल्या दिवशी मी त्यांच्याबरोबर सिडनीला गेलो. गुरुजींच्या अंगात सूट, गळ्यात टाय, कपाळाला गंध आणि बॅगेत पावतीपुस्तकांबरोबर एक नारळ, नमुना म्हणून. तपासनीस साहेब हाफपँट आणि गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे घालून बसले होते, तेव्हाच्या सरकारी रिवाजाप्रमाणे. माणूस सभ्य होता. त्यांनी पावत्या एकेक करून वाचल्या. खण म्हणजे काय ते विचारलं, आणि नारळाचा भाव कमी धरलेला वाटतो म्हणाले. गुरुजींनी तत्काळ भाजीवाल्याची चिठ्ठी काढली. साहेबांनी ती पाहून मान डोलावली आणि भाजीवाल्याचा पत्ता स्वतःसाठी लिहून घेतला.

मग प्रश्न सुरू झाले. जाहिरात करता का? नाही. दर ठरलेला आहे? नाही, देणाऱ्याची इच्छा. कुणी काहीच दिलं नाही तर? तर काही म्हणता येत नाही. पेट्रोल धरलं तर यात सुटतं का काही? गुरुजींनी प्रामाणिकपणे सांगितलं की नाही सुटत.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "मग मेट, तुम्ही हे करता कशासाठी?"

गुरुजींनी बॅगेतला तो नारळ काढून टेबलावर ठेवला.

"माझ्याशिवाय इथे कुणी नाही," ते म्हणाले.

निकाल लवकर आला आणि आमच्या बाजूने आला. सदर उद्योग हा छंदाच्या स्वरूपाचा असून त्यातून मिळणाऱ्या वस्तू व रकमा करपात्र नाहीत, तीनही वर्षांचा घेतलेला कर परत करत आहोत. सोबत चेक. माझ्या बायकोने आनंदाने रव्याचा हिशेब सुरू केला. डॉक्टरांनी पुढच्या सत्यनारायणाला एकावन्न देणार असं आपणहून कळवलं.

मी मुहूर्त विचारायला गेलो, तर गुरुजी टाइपरायटरवर बसलेले. कागदावर वरच 'हरकत' असा शब्द दिसला. निकालाविरुद्ध हरकत घ्यायची असेल तर साठ दिवसांत घ्यावी, असं पत्राच्या तळाशी छापलेलं असतं. तिथवर फक्त रडणारे लोक वाचतात. गुरुजींनी वाचलं होतं.

"तुमचे पैसे परत आलेत," मी म्हटलं. "हरकत कशाला?"

"हॉबी म्हणालेत ते." "माझे वडील हॉबी करत होते? त्यांचे वडील? पोस्टाची तिकिटं जमवणारा आणि मी एका रांगेत. तुझ्या धाकटीचं बारसं मी केलं ते काय वेळ जात नव्हता म्हणून?"

त्यांच्या पत्नीने, आम्ही त्यांना वहिनी म्हणत असू, आतून सांगितलं की दोन दिवस हे असंच चाललंय आणि जेवताना सुद्धा तोच शब्द. गुरुजींचं म्हणणं सरळ होतं. छंद म्हणून मी कुणाचं घर शांत करणार नाही. कर लावा, मगच बसतो. आणि हरकतीच्या निकालाला काही महिने तरी लागणार होते. आईचं तिकीट पंधरवड्यावर आलं होतं.

घरी येऊन मी आईला गॅरेजमध्ये सगळं सांगितलं. वाटलं होतं, ती चिडेल किंवा रडेल. तिने पडद्याचा दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, मला त्यांच्याकडे घेऊन चल.

शनिवारची दुपार होती. वहिनींनी चहा केला. आईने आधी त्यांच्या मुलांची चौकशी केली, कराडच्या पाण्याची चौकशी केली, मग कप खाली ठेवला.

"गुरुजी, मी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. हे गेल्यावर त्या मशीनवर माझी तीन मुलं शिकली. हा त्यातलाच. आणि शेजारणी काय म्हणायच्या, सांगू? बरं आहे हो तुमचं, वेळ छान जातो."

गुरुजी मान खाली घालून ऐकत होते. ती म्हणाली, "वाईट वाटायचं. पण मी शिवणं थांबवलं नाही, आणि शिलाईही सोडली नाही कुणाला."

"आई, त्या सरकारी पत्रात स्पष्ट लिहिलंय..." गुरुजी म्हणाले.

"तुमच्या साहेबाला काय लिहायचं ते लिहू दे. दक्षिणा मी देणार आहे ना? मग ती कशाबद्दल, ते मी सांगणार. पावतीवर लिहा, कामाबद्दल."

"तसं लिहिलं तर मला ती उत्पन्नात दाखवावी लागेल."

"दाखवा की."

"ते कर परत पाठवतील."

"पाठवू देत. तुम्ही पुढच्या वर्षी पुन्हा दाखवा. मलाही शेजारणी दर दिवाळीला तेच म्हणायच्या."

गुरुजींनी चष्मा काढून पुसला. ते काही बोलायच्या आत वहिनी स्वयंपाकघरातून म्हणाल्या की येत्या शनिवारी यांना शिफ्ट नाही आणि पंचांगातही काही वाईट नाही, त्यांनी सकाळीच बघून ठेवलंय.

वास्तुशांत यथासांग झाली. होमाखाली घालायला गुरुजींनी कारखान्यातल्या भंगारातून पोलादी पत्रा विकत आणला, पावतीसकट. आमचं घर विटांच्या खांबांवर लाकडी जमिनीचं, त्यामुळे वास्तुपुरुष पुरायला मला धोतर नेसून घराखाली सरपटत जावं लागलं, आणि आग्नेय कोपरा सापडेपर्यंत गुरुजी वरून जमिनीवर टाच आपटून दिशा सांगत होते. पोस्टकोड म्हटला गेला. मग आईने घरातल्या शेगडीवर पहिल्यांदा दूध ठेवलं आणि ते उतू जाईपर्यंत तिथून हलली नाही. तिने एकवीस डॉलर दक्षिणा ठेवली, माझ्याकडून घेतली नव्हती, सांगलीहून निघताना बदलून आणलेल्यातली होती. गुरुजींनी पावती फाडली. रोख एकवीस, नारळ एक, आणि खाली वेगळ्या ओळीत: केलेल्या कामाबद्दल. आईने ती वाचून दाखवायला सांगितली, घडी केली आणि पाकिटात पासपोर्टशेजारी ठेवली.

हरकत पुढे फेटाळली गेली, अतिशय नम्र भाषेत. गुरुजींनी आईचा शब्द पाळला. दरवर्षी ते दक्षिणा दाखवत, दरवर्षी टॅक्स ऑफिस ती वगळत असे आणि चेक पाठवत असे. वगळल्याचं पत्र आलं की गुरुजी दोन दिवस कुणाशी बोलत नसत. वहिनी म्हणायच्या, लोकांकडे रिफंड आला की बायकोला साडी येते, आमच्याकडे सुतक येतं.

अशी काही वर्षं गेली आणि ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर नियम बदलला. आपलं उत्पन्न आपणच ठरवून लिहायचं, ऑफिस ते तसंच धरून चालणार, शंका आली तर मागाहून तपासणार. आमच्यातल्या बऱ्याच जणांना याची धास्ती वाटली. गुरुजींनी ते माहितीपत्रक दोनदा वाचलं. त्या वर्षीचा फॉर्म त्यांनी माझ्याकडे न येता एकट्याने भरला.

मग एका संध्याकाळी दारात उभे. एका हातात कराची नोटीस, दुसऱ्या हातात वहिनींनी दुधाच्या पावडरीचे केलेले पेढे.

"लागला," ते म्हणाले.

मी नोटीस पाहिली. नारळासकट, खणासकट सगळं धरलं होतं आणि त्यावर पुरा कर लावला होता. वगळल्याचं पत्र नव्हतं, चेक नव्हता. गुरुजी सोफ्यावर बसले आणि माझ्या मुलीला त्यांनी एकाऐवजी दोन पेढे दिले. कर किती भरायचा आहे ते तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "काका, दॅट्स बॅड, ना?" गुरुजींना इतकं मोकळं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

जाताना म्हणाले, "आईंना कळव."

मी कळवलं. आईचं उत्तर तीन आठवड्यांनी आलं. बाकी सगळा मजकूर दुखणाऱ्या गुडघ्यांचा आणि भाचीच्या लग्नाचा, शेवटी गुरुजींसाठी दोन ओळी: 'अभिनंदन सांग. माझ्या वेळचे एकवीस राहिले आहेत, त्यांचाही कर भरून टाका म्हणावं. पावती माझ्याकडे आहे.'

मी ते पत्र गुरुजींना वाचायला दिलं. मी म्हटलं, त्या वर्षाचा हिशेब कधीच बंद झाला, आता तो कुणी उघडणार नाही. त्यांनी ऐकलं नाही. पत्राच्या मागच्या कोऱ्या भागावर पेन्सिलीने त्या वर्षीचा दर मांडला, बत्तीस टक्के, आणि सहा डॉलर बहात्तर सेंट काढले. मीही मनातल्या मनात केला होता हिशेब, बरोबर होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी तेवढ्याचा चेक टॅक्स ऑफिसला पाठवला, सोबत कार्बनप्रतीची नक्कल जोडून.

तो चेक परत आला नाही.